मिटल्या तोंडांची फौज

"आता हे तुम्हाला कुणाला पटायचं नाही," कवळीमास्तर म्हणाले, "पण या जनावराची पाठ म्हणजे एका मुख्याध्यापकांची टाळू आहे."

टेबलाभोवती दहा-बारा माणसं होती. त्यांतली निम्मी हसली, उरलेली वाकून बघायला लागली. जनावर मांजराच्या पिलाएवढं होतं, चिखलातून अर्धं वर आलेलं, आणि त्याच्या पाठीवर टाळूला असतात अगदी तशा वळ्या होत्या. वळ्यांमध्ये शेवाळ आणि शेवाळात पाय रोवून उभे सहा भालेकरी, प्रत्येक जण अंगठ्याच्या पेराएवढा.

पंचाईत अशी, की ही गोष्ट खरी होती. मास्तरांचं नेहमी असंच व्हायचं. खरं सांगितलं की लोक हसायचे आणि थाप मारली की माना डोलवायचे. मुख्याध्यापक कवळीचं माप देऊन जे गेले ते थेट बदलीच्या गावी गेले, आणि त्यांची कवळी मास्तरांच्या कपाटात अकरा वर्षं एकटीच हसत पडली. मग एके दिवशी मास्तरांनी तिचे दात उतरवले, तिला उपडी केली, बारीक करवतीने दोन काप दिले, आणि दलदलीतला राक्षस तयार झाला.

"ज्यांच्यापुढे सगळी शाळा चळाचळा कापायची," मास्तर लोकांना सांगत होते, "त्यांच्या टाळूवर आज सहा जण बूट घालून उभे आहेत, आणि साहेब हूं नाही की चूं नाही. शाळा केवढी? वीस हजार मुलं."

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंनी त्यांच्या शर्टाची बाही एकदा ओढली.

"दोन हजार," मास्तर म्हणाले आणि पुढे सरकले.

बाई म्हणजे त्यांची बायको. घरात त्या मास्तरांना रोज खोटं पाडायच्या, चहाच्या पहिल्या घोटापासून. पण एक्केचाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत त्यांनी नवऱ्याला एकदाही खोटं पाडलं नव्हतं. चारचौघांत फक्त बाही. एकदा ओढली की एक शून्य कमी करायचं, दोनदा ओढली की दोन. सर्कशीतल्या सिंहाला मास्तरांनी कवळी बसवली त्या गोष्टीत तर एका बैठकीत बाहीची शिवण उसवली होती, आणि सिंहाचा शेवटी एका पहारेकऱ्याचा म्हातारा कुत्रा झाला होता. गोष्ट मात्र मास्तरांनी पुरी केलीच. गोष्ट अर्धी सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

हॉल खेळांच्या दुकानामागचा होता. वर्षातून एकदा तिथे फौजा मांडल्या जायच्या. हा खेळ असा, की टेबलावर दोघांनी समोरासमोर आपापली छोट्या पुतळ्यांची फौज उभी करायची, मोजपट्टीने अंतर मोजत चाली करायच्या आणि फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. पण आजचा दिवस लढाईचा नव्हता. आज बघायचं होतं ते फक्त रंगकाम. जिंकलेली फौज दुकानाच्या दर्शनी काचेत वर्षभर उभी राहणार, आणि तिच्या पायाशी रंगवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. नियमही एकच होता, दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवलेला: पुतळ्यांची मोडजोड कुणीही करो, पण फौजेतल्या एकूण एक पुतळ्याला ब्रश फक्त स्पर्धकाचाच लागलेला असावा. एकाही पुतळ्यावर दुसऱ्याचा हात दिसला तर सगळी फौज बाद.

बाईंची फौज एकशे वीस पुतळ्यांची होती. फोटो धुण्याच्या एका जुन्या, मोठ्या ट्रेमध्ये ती उभी होती, आणि तो ट्रे कुठून आला हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मास्तर ही पदवी मास्तरांनी स्वतःच स्वतःला दिली होती. चाळीस वर्षं ते दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवत बसले. पुढे खुर्ची, डॉक्टर आणि पाटी. मागे मास्तर, मेण, प्लास्टर आणि दिवसभर भुणभुणणारं बारीक ड्रिल. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मास्तरांनी तेच करून घर चालवलं आणि लेकीला शिकवलं. पण त्यांच्या धंद्याचा कायदा उलटा होता. काम जितकं चांगलं, तितकं ते कुणाच्या लक्षात येता कामा नये. लग्नाच्या पंगतीत एखादी म्हातारी कडाकडा काही फोडून खात असली आणि लोक म्हणत असले, काय हो दात या वयात, तर मास्तर कोपऱ्यात छाती फुगवून गप्प बसायचे. बोलायची सोय नव्हती. एवढी मोठी जीभ असलेल्या माणसाला याच एका बाबतीत तिला कुलूप घालावं लागे. बाकीच्या सगळ्या थापा बहुतेक त्या कुलपाच्या भरपाईपोटी होत्या.

बाईंचं तेच. त्या एका फोटो स्टुडिओत टचिंग करायच्या. तीन शून्याचा ब्रश घ्यायचा, म्हणजे भुवईचे चार केस काडीला बांधावेत एवढा, आणि काळ्यापांढऱ्या फोटोतल्या माणसाला माणसात आणायचं. गालावरचा वण पुसायचा, ओठांना रंग द्यायचा, बुबुळात उजेडाचा एक ठिपका ठेवायचा. स्टुडिओच्या काचेत लावलेल्या चेहऱ्यांसमोर रस्त्यावरचे लोक थांबायचे. खाली सोनेरी अक्षरांत नाव असायचं ते स्टुडिओच्या मालकाचं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी दोघं त्या काचेवरून चालले होते तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "तो तिसरा चेहरा माझा." एकदाच म्हणाल्या. मास्तरांनी ते ऐकलं आणि इतर गोष्टींसारखं त्याला तिखटमीठ लावून कुणाला सांगितलं नाही. नुसतं ठेवून दिलं.

मग कॉम्प्युटर आले, टचिंग बुडालं. बाई घरी आल्या त्या दोन डझन ब्रश आणि हा ट्रे घेऊन. मास्तरही निवृत्त झाले. लेक नोकरीसाठी दूर गेली आणि माळ्यावर तिचा याच खेळाचा एक खोका राहिला. खोक्यात प्लॅस्टिकचे शिपाई, कारखान्यातल्या साच्याच्या चौकटीतून अजून न सुटलेले. लेक फोनवर म्हणाली, "देऊन टाका कुणाला तरी." बाईंनी त्यातला एक शिपाई सोडवला, खिडकीपाशी नेला आणि दुपारभर त्याला डोळे काढत बसल्या. संध्याकाळी त्यांनी तो चहाच्या बशीत आणून मास्तरांपुढे ठेवला. शिपाई मास्तरांकडे बघत होता. नुसता रंगवलेला नव्हता, बघत होता.

"तोंड बघा याचं," बाई म्हणाल्या. "सारखा आरडाओरडा. एकालाही ओठ मिटता येत नाहीत?"

खोक्यातल्या शंभरावर शिपायांची तोंडं आ वासलेली होती. कारखान्यातूनच रणगर्जना करत आलेले. मास्तरांना ते पाहून हर्ष झाला होता. एवढी उघडी तोंडं आणि एकात धड दात नाही, नुसती पांढरी पट्टी. आयुष्यभराचं काम पुढ्यात आल्यासारखं वाटलं त्यांना. ते म्हणाले, मी दात घालतो. बाई म्हणाल्या, तोंडं मिटवा. तीन दिवस घरात दोनच विषय होते, दात आणि ओठ.

बाईंचा स्वतःचा वरचा डावा सुळा किंचित पुढे होता. लग्नाला आठवडा झाला नाही तोच मास्तर कौतुकाने म्हणाले होते, अगं, दोन तारा लावून महिन्यात मागे घेतो की. त्या दिवशी बाईंनी ओठ मिटले. पुढे घरात हसल्या तर पदराआड, फोटोत तर कधीच नाही. तारा लावायच्या का, हे मास्तरांनी अधूनमधून विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं. कारागीर म्हणून बोललेलं एखादं वाक्य नवरा म्हणून परत घेता येत नाही, हे त्यांना उशिरा कळलं.

त्यामुळे चौथ्या दिवशी तह झाला. जनावरांना दात, माणसांना ओठ. मास्तरांनी कपाटातून गुलाबी भुकटी काढली, जिच्या हिरड्या बनवतात ती, आणि एकेका शिपायाच्या उघड्या तोंडात ती भरून, घासून, त्याचे ओठ मिटवले. ज्याने जन्मभर लोकांची तोंडं उघडी करून दात बसवले, त्याने पाच वर्षांत शंभरावर तोंडं बंद केली. "बायकोसाठी लोक काय काय करतात," ते म्हणायचे. "मी लाखभर माणसांना गप्प केलं." बाही दोनदा ओढली जायची आणि तिसऱ्यांदा नुसती हलायची.

फौज दलदलीतली होती. बेडकांवर स्वार झालेले भालाईत, वेताच्या टोपल्यांची ढाल केलेले पहारेकरी, डास पकडणारे दोघे, चिखलात हरवलेला बूट शोधणारा एक जण. दाताला धरून ठेवायची जी बारीक पोलादी तार असते, तिचे बेडकांचे लगाम झाले. झाडूच्या काड्यांचे भाले झाले. बेडकांना दात असतात की नसतात यावर आणखी आठ दिवस गेले. लढाई मात्र ते दोघं एकदाच खेळले. पहिल्याच फाशाला बाईंचा एक भालाईत मास्तरांच्या कोपराने खाली पडला आणि त्याचा भाला मोडला. बाईंनी फासे उचलून डबीत टाकले. "यांनी मरायचं नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं उभं राहायचं."

शेजारणीने म्हातारा-म्हातारी बाहुल्या खेळतात म्हणून सगळ्या जिन्याला सांगितलं. मास्तर जिन्यात थांबून म्हणाले, "हसतील त्यांचे दात दिसतील, आणि दिसले की त्यांतले खोटे कुठले ते मी सांगेन." जिना दोन दिवस शांत होता.

नव्वदाव्या पुतळ्याच्या सुमारास बाईंच्या नजरेचं मधलं पुसलं गेलं. कडेचं दिसे, पण जिथे बघावं नेमकं तिथे डाग. डॉक्टरांनी त्याला मोठं नाव दिलं आणि पुढे वाढेल असं सांगितलं. घरी येताना बाई म्हणाल्या, "टचिंग उलटं झालं बघा. कुणीतरी सगळ्यांचे चेहरेच खरवडून ठेवलेत." मग त्या कडेने बघायला शिकल्या. शिपाई कानाशी शंख धरावा तसा डोळ्याच्या बाजूला धरायचा, समोर भिंतीकडे बघायचं आणि रंगवायचं. असे त्यांनी एकोणतीस रंगवले. ज्याला चार तास लागायचे त्याला आता चार दिवस.

शेवटची राहिली ती राणी. बगळ्यावर बसलेली, बगळ्याचे पाय तारेचे, चोच एका जुन्या औजाराच्या टोकाची. मास्तरांनी तिचं तोंड बाईंच्या हुकमाप्रमाणे मिटवून दिलं होतं. "तिला ओरडायची गरज नाही," बाई म्हणाल्या होत्या. "ती नुसती बघते आणि बगळा चालायला लागतो."

तीन आठवडे त्या खिडकीशी बसल्या. मग एका सकाळी ब्रश धुऊन ठेवला आणि विचारलं, "कशी झालीय? खरं सांगा."

मास्तरांनी राणी हातात घेतली. अंगावरचा शेला बघण्यासारखा झाला होता, त्यात चिखलाचेच सतरा रंग होते. पण एक डोळा भुवईत गेला होता आणि ओठांचा लाल रंग गालावर उतरला होता.

"खरं सांगू?" मास्तर म्हणाले. "ओठांवरून नजर हटत नाही."

हे खरंच होतं. बाईंनी हात पदराला पुसले, आणि त्यांच्या मिटल्या ओठांच्या कडा अशा काही वर गेल्या, की मास्तरांना पुढचं वाक्य गिळावं लागलं. त्याच संध्याकाळी बाईंनी दुकानात फोन करून स्पर्धेत स्वतःचं नाव दिलं. दुकानवालीने चिठ्ठीसाठी नाव नीट विचारून घेतलं, आणि बाईंनी ते तिला दोनदा अक्षर अक्षर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जेवून बाई आडव्या झाल्या आणि मास्तरांनी राणी कपाटापाशी नेली. बेत साधा होता. शेला, बगळा, हात, सगळं बाईंचं तसंच ठेवायचं. फक्त तोंडावरचा रंग स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा आणि डोळे-ओठ जागच्या जागी आणायचे. काचेत उभं राहायचं होतं तिला वर्षभर. रस्त्यावरच्या लोकांनी थांबून हसू नये एवढंच.

दवाखान्यात चाळीस वर्षं मास्तरांच्या डाव्या हाताला एक बाटली असे. गुलाबी भुकटी जिच्यात कालवतात तो द्रव. घरच्या कपाटातही ती डावीकडेच होती आणि स्पिरिट उजवीकडे. हात सवयीने डावीकडे गेला. त्या द्रवाला प्लॅस्टिक म्हणजे लोण्यासारखं. बोळा फिरला आणि राणीचे ओठ, हनुवटी, नाकाचा शेंडा, सगळं मास्तरांच्या बोटाला चिकटून आलं.

तिथेच त्यांनी बाईंना उठवायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी भुकटी घेतली, थेंबभर द्रव, आणि ड्रिलचं सगळ्यात बारीक टोक. पुढे हात कामाला लागला आणि मास्तर बाजूला राहिले. हात चाळीस वर्षं एकच गोष्ट करत आला होता. घड्याळात चार वाजले तेव्हा राणीला नाक होतं, हनुवटी होती, आणि तिचं तोंड उघडं होतं. वर आठ दात. एकेक सुटा, हिरडीशी पिवळसर, टोकाशी पांढुरका, जसे देवाने द्यावेत तसे. ओरडत नव्हती ती. हसत होती.

तहाचा भंग झाला होता, तोही राणीच्याच तोंडात. मास्तरांनी भिंगातून पाहिलं आणि त्यांना लाज वाटायला हवी होती. वाटला तो अभिमान. असं तोंड त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. ते पुसायला हात उठेना. त्यांनी बाईंचा ब्रश घेतला, डोळे काढले, ओठ रंगवले, आणि बाई उठायच्या आत तो धुऊन जागेवर ठेवला.

"दाखवा तरी," चहा घेताना बाई म्हणाल्या.

"वॉर्निश ओलं आहे."

"कालपासून?"

"जहाजाला लावतात ते आहे. आठ दिवस बोट लावायचं नाही. एका खलाशाने लावलं, तर तो अजून तिथेच चिकटलेला आहे."

बाईंनी घरात असूनही बाही ओढली. पण राणीला हात लावला नाही.

तर असा तो ट्रे आता टेबलावर होता, आणि परीक्षक त्यांच्यापाशी आला होता. परीक्षक पेशाने घड्याळजी. डोळ्याला भिंग लावलेला, अबोल, मागच्या टेबलावरच्या बँकवाल्याच्या सांगाड्यांच्या फौजेपुढे नुसता "हं" म्हणून पुढे आलेला. त्याच्यामागे दुकानवाली होती. तिच्या हातात नावांच्या चिठ्ठ्या होत्या. बाईंची चिठ्ठी तिने आल्या आल्या त्यांना दाखवली होती, आणि बाईंनी ती डोळ्याच्या बाजूला धरून वाचली होती, मग अक्षरांवरून बोट फिरवलं होतं, मग परत दिली होती.

घड्याळजी पहिल्या रांगेवर वाकला. मास्तर बोलायला लागले, तर त्याने एक बोट वर केलं आणि ते गप्प झाले. असं त्यांना गप्प करणारा दुसरा माणूस जगात नव्हता. एकेक रांग होत गेली. सांगाडेवाला बँकवालाही आपलं टेबल सोडून बघायला आला.

"सगळ्यांच्या डोळ्यांत उजेड डावीकडून आहे," घड्याळजी म्हणाला.

"स्टुडिओत खिडकी डावीकडे होती," बाई म्हणाल्या.

"आणि एकाचंही तोंड उघडं नाही. पहिल्यांदाच बघतोय. शंभर जण गप्प उभे आहेत आणि मलाच भीती वाटतेय." त्याने भिंग सरकवलं. "या मागच्या रांगांत उजेडाचा ठिपका जरा हललाय."

"तिथून पुढे मला समोरचं दिसेनासं झालं," बाई म्हणाल्या. "ते कडेने रंगवलेत."

मास्तरांना वाटलं होतं, ही गोष्ट त्या सांगणार नाहीत. बाईंनी ती दुकान उघडायची वेळ सांगावी तशी सांगितली. घड्याळजीने भिंग काढलं, बाईंकडे पाहिलं, परत भिंग लावलं आणि त्या मागच्या रांगा पुन्हा पहिल्यापासून बघितल्या. बँकवाला हळूच म्हणाला, आपण तर घरी जावं. दुकानवालीने बाकीच्या चिठ्ठ्या खिशात टाकल्या. हातात एकच उरली. मास्तरांचं ऊर असं भरून आलं, की शर्टाचं वरचं बटण त्यांनी हाताने धरून ठेवलं.

मग घड्याळजी राणीपाशी आला आणि थांबला.

"ही कधीची?"

"सगळ्यांत शेवटची," बाई म्हणाल्या.

"शेवटची." तो बराच वेळ वाकलेला राहिला. "पण हिचं काम... हिच्यात ठिपका हललेला नाही."

इथे मास्तरांना गप्प बसवेना. त्यांनी टेबलावर तळवा ठेवला आणि सुरुवात केली. हे कुणाला पटायचं नाही, पण ही राणी तिने नजरेने रंगवलेलीच नाही. जिभेच्या टोकाने अंदाज घेतला. ब्रशचा आवाज ऐकला. ओठावर ब्रश फिरतो तेव्हा एक आवाज येतो आणि गालावर दुसरा, हे मी स्वतः ऐकलंय, भिंतीपलीकडून. एकवीस दिवस ती अन्नाला शिवली नाही म्हणा ना. श्वास रोखून एकेक रेघ, आणि दोन रेघांच्या मध्ये मी पंख्याने वारा घालायचो. शेवटची रेघ ओढली आणि खिडकीत खरा बगळा येऊन बसला.

माना डोलत होत्या. एकही जण हसला नाही. थापच होती ना ती.

मास्तर बाही ओढली जायची वाट बघत क्षणभर थांबले. एकवीसचे दोन करायची त्यांची तयारी होती. बगळा उडवून लावायचीही होती.

बाही ओढली गेली नाही.

"मानलं," घड्याळजी सावकाश म्हणाला. "सगळ्यांची तोंडं मिटवून शेवटी हिचंच उघडं ठेवलंत. आणि दात. मी मोजले. वरचे आठ, सगळे सुटे. डावा सुळा तर किंचित पुढे घेतलाय. असं कुणाला सुचत नाही."

"दात?" बाई म्हणाल्या.

मास्तरांनी राणीकडे पाहिलं. आठ दिवस ते तिच्याकडे बघत होते, भिंगातून, उजेडात, कौतुकाने. आणि तो सुळा कुठून आला हे त्यांनी स्वतःच्या हाताला एकदाही विचारलं नव्हतं. आता कळलं.

"द्या इकडे," बाई म्हणाल्या.

"अगं, वॉर्निश..."

"वाळलं असेल."

घड्याळजीने राणी उचलून त्यांच्या तळव्यावर ठेवली. बाईंनी तिला डोळ्यापाशी नेलं नाही. अंगठ्याचं नख तिच्या शेल्यावरून वर नेलं, गळ्यावरून, हनुवटीवरून, आणि तोंडाशी थांबवलं. नख हळू हळू आडवं सरकलं, एकेक दात मोजावा तसं. डावीकडे येऊन ते अडखळलं. बाईंच्या मिटल्या ओठांच्या आत जीभ हलली, त्याच बाजूला, आणि मास्तरांना ती गालावरून दिसली.

दुकानवाली चिठ्ठी पुढे करून उभी होती. आता फक्त ती ट्रेच्या कडेला टेकवायची होती.

"खोटं बोलताहेत हे," बाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, तरी मागच्या टेबलापर्यंत गेला. "एकशे एकोणीस माझे आहेत, हललेल्या ठिपक्यांसकट. माझ्या राणीचं तोंड मिटलेलं होतं. या तोंडावर ब्रश फिरलाय तो यांचा. नियम दारावर लावलेला आहे, ती चिठ्ठी तुमच्याकडेच राहू द्या." त्यांनी राणी मुठीत न घेता तशीच तळव्यावर वर धरली, सगळ्यांना दिसावी अशी. मग पदर न घेता, दहा-बारा अनोळखी माणसांसमोर, बाई तोंड उघडून हसल्या.

"सुळा तेवढा माझा आहे."